छोट्या बोअरच्या रिव्हॉल्वरमध्ये कमी शक्तीची काडतुसे वापरताना

सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांनी किंवा बार्शी-पंढरपूरसारख्या तालुक्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या परवान्यावर ज्यांनी .२२ किंवा .३२ बोअरचे रिव्हॉल्वर घेतले आहे, त्यांना सरावासाठी कमी धक्क्याची आणि कमी आवाजाची काडतुसे वापरावीशी वाटणे स्वाभाविक आहे. नवख्या हाताला तर त्यांचा फायदाच होतो, कारण धक्क्याच्या धास्तीने चाप झटक्यात ओढण्याची सवय त्यामुळे लागत नाही. मात्र काडतूस सिलिंडरच्या, म्हणजे रिव्हॉल्वरच्या फिरत्या भागाच्या, कप्प्यात बसले म्हणजे ते चालते, असे मुळीच नाही. नळीवर ज्या काडतुसाचे नाव कोरलेले आहे तेच प्रमाण मानावे, आणि शंका असल्यास परवानाधारक शस्त्र-कारागिराला दाखवावे.

.२२ लाँग रायफलच्या रिव्हॉल्वरमध्ये .२२ शॉर्ट आणि .२२ लाँग ही काडतुसे चालतात. तिन्हींच्या पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचा, व्यास सारखाच असून फरक मुख्यतः लांबीचा आहे. शॉर्टची पुंगळी सुमारे १०.७ मिलिमीटरची, तर लाँग रायफलची सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. .२२ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये मात्र लाँग रायफल घालू नये, कारण तो कप्पा अधिक रुंद असल्याने सैल बसलेली पुंगळी फुटू शकते.

.३२ बाबत आपल्याकडे खरा धोका वेगळाच आहे. कानपूरच्या कारखान्यात बनणारे .३२ रिव्हॉल्वर स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसासाठी असते, तर .३२ पिस्तुलाचे काडतूस, म्हणजे .३२ एसीपी, दिसायला आखूड असते आणि पुष्कळदा रिव्हॉल्वरच्या कप्प्यात जातेही. आखूड आहे म्हणून ते सौम्य असेल असे समजू नये. त्याचा दाब लाँगपेक्षा जास्त असतो. दुकानात नुसते ‘.३२’ न म्हणता ‘रिव्हॉल्वरचे’ असे स्पष्ट सांगावे आणि डबीवरील नाव स्वतः वाचावे. सौम्य बार हवा असेल तर त्याच लाँग पुंगळीतील वॅडकटर उत्तम. त्याची शिशाची गोळी सपाट तोंडाची असल्याने कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडते.

गोळीबार मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. शेताच्या बांधावर किंवा वरातीत नव्हे. हर्षोल्हासाच्या बेदरकार गोळीबारासाठी शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण सौम्य काडतुसांनाही लागतेच.

कमी शक्तीच्या काडतुसाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे फुसका बार. दारूचा जोर अपुरा पडला की गोळी नळीतच अडकते, आणि त्यामागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून सुरुवातीला एकेकच काडतूस भरावे, प्रत्येक बारानंतर लक्ष्यावरील भोक मोजावे, आणि आवाज दबका आला किंवा भोक दिसले नाही तर तिथेच थांबावे. त्यानंतर सिलिंडर उघडून, सर्व कप्पे रिकामे करून, मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. अडकलेली गोळी घरी ठोकून काढू नये. बार झालाच नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबावे आणि तोवर चाप पुन्हा ओढू नये. चाप ओढला की सिलिंडर फिरतो, आणि उशिरा पेटलेले काडतूस नळीसमोर नसताना उडू शकते.

आखूड काडतुसांनी कप्प्यात पुंगळीच्या तोंडापाशी काजळी आणि शिसे यांचे कडे जमते. ते तसेच राहिले तर नंतर लांब काडतूस पूर्ण आत जात नाही. अशा वेळी ते अंगठ्याने रेटू नये, कारण .२२ मध्ये ठिणगी पाडणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच असते. सराव संपल्यावर प्रत्येक कप्पा द्रावण लावून ब्राँझच्या ब्रशने घासावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि हलके तेल लावावे. पुढच्या खेपेस लांब काडतूस आपल्या वजनाने सहज आत सरकले पाहिजे, आणि सरकले नाही तर कप्पा पुन्हा घासावा.