मॅडोना पहिल्यांदा ऐकताय? मग सुरुवात १९८९ पासून करा

अमेरिकन पॉप गायिका मॅडोना म्हटलं की बऱ्याच जणांना ती टोकदार ब्रा आणि वाद एवढंच आठवतं, मग लोक थेट तिच्या एरॉटिका या बोल्ड गाण्याचा व्हिडिओ लावतात आणि हिला नुसती खळबळ माजवायचीय म्हणून बंद करून टाकतात. तसं करू नका प्लीज.

आधी १९८९ चा लाईक अ प्रेयर अल्बम घ्या. टायटल साँग पहिल्यांदा व्हिडिओ न बघता हेडफोन लावून ऐका, शेवटाकडे चर्चचा कॉयर (गायकवृंद) चढत जातो तिथे आवाज वाढवा. मग व्हिडिओ बघा. जळते क्रूस आहेत, काळा संत आहे, निरपराध काळ्या माणसाला पोलीस उचलतात आणि ती त्याला सोडवायला जाते. यावरून व्हॅटिकन भडकलं, पेप्सीने तिची जाहिरात मागे घेतली, पण कराराचे ५० लाख डॉलर तिच्याकडेच राहिले.

त्यानंतर लगेच त्याच अल्बममधलं प्रॉमिस टू ट्राय लावा. ती ५ वर्षांची असताना तिची आई ब्रेस्ट कॅन्सरने गेली, अवघ्या तिशीत, आणि घर पक्कं कॅथलिक. हे गाणं ऐकलं की क्रूस तिने फक्त लोकांना डिवचायला उचललेला नाही हे आपोआप कळतं. आणि याच अल्बमसोबत एड्सची माहिती देणारं पत्रक होतं, तेही लोक पेशंटला हात लावायलाही घाबरायचे त्या काळात! तिला बॅले शिकवणारे ख्रिस्तोफर फ्लिन, ज्यांनी तिला डेट्रॉइटचे गे क्लब दाखवले, ते १९९० मध्ये एड्सनेच गेले. मला विचाराल तर तिच्या कुठल्याही कपड्यांपेक्षा ते पत्रक जास्त धाडसी होतं.

आता मागे जा, १९८४ चा एमटीव्ही अवॉर्ड्सचा परफॉर्मन्स, लग्नाचा पांढरा ड्रेस घालून स्टेजवर लोळते तो. मग १९९० चं व्होग हे गाणं. इथे जरा थांबून बघा, कारण तो डान्स तिचा नाही, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या आणि लॅटिनो गे-ट्रान्स लोकांच्या बॉलरूममधला, म्हणजे त्यांच्या नाच आणि फॅशनच्या स्पर्धांमधला आहे. होझे आणि लुईस हे तिथलेच दोन डान्सर तिने सोबत घेतले हे खरं, पण नाव आणि पैसा मुख्यतः तिलाच मिळाला हेही तितकंच खरं, दोन्ही लक्षात ठेवूनच बघा.

१९९२ मध्ये सेक्स नावाचं तिचं कामुक फोटोंचं पुस्तक आलं तेव्हा शिव्या पडल्या, पण त्याच वर्षी तिने टाइम वॉर्नरसोबत मॅव्हरिक ही स्वतःची मनोरंजन कंपनी काढली, पुढे गायिका अलानिस मॉरिसेटचा गाजलेला अल्बम जॅगेड लिटल पिल तिथूनच आला. वादासोबत धंद्याच्या किल्ल्याही बाईच्याच हातात, हे त्या काळात किती कमी जणींना जमलं होतं!

शेवटी १९९८ चा रे ऑफ लाईट, आणि त्यातलं शांती/अष्टांगी नक्की ऐका, ‘वन्दे गुरूणां चरणारविन्दे’ हा श्लोक टेक्नो बीटवर आहे. आपले कान लहानपणापासून श्लोकांना सरावलेले, त्यामुळे तिचे उच्चार कुठे जमलेत कुठे नाही हे तुम्हाला पहिल्या ओळीतच कळेल.