पूलचा क्यू घडवताना: हातकाम कुठे, यंत्र कुठे

क्यूची, म्हणजे पूल खेळण्याच्या काठीची, निम्मी गुणवत्ता लाकूड निवडतानाच ठरते. शाफ्टसाठी, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागासाठी, उत्तर अमेरिकेतील हार्ड मेपल घ्यावे आणि त्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावतात की नाही, हे उजेडात फिरवून पाहावे. रेषा मध्येच कडेला निघून जात असेल, तर लाकूड कितीही शुभ्र असले तरी बाजूला ठेवावे.

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातणाऱ्या यंत्रावर, गोल केलेला शाफ्ट एकाच बैठकीत टोकाशी 13 मिलिमीटर जाडीपर्यंत उतरवू नये. दर फेरीला थोडेच लाकूड काढावे, मग शाफ्ट काही आठवडे उभा टांगून ठेवावा आणि आतला ताण सुटून तो जेवढा वाकेल, तेवढा बाक पुढच्या फेरीत काढून टाकावा, ही जुनी रीत आजही सोडण्याजोगी नाही. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रामुळे टेपर, म्हणजे शाफ्टचा निमुळतेपणा, प्रत्येक शाफ्टवर तंतोतंत सारखा उतरतो, हा मोठा लाभ आहे. मात्र लाकडाची ही विश्रांती त्याने टळत नाही.

बटच्या, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाच्या, पुढच्या बाजूवरील टोकदार नक्षीत दोन्ही पद्धतींचा फरक सर्वांत ठळक दिसतो. पारंपरिक पद्धतीत मेपलमध्ये व्ही आकाराच्या लांब खाचा पाडून त्यांत एबनी किंवा रोजवूडचे, कडांना रंगीत व्हिनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) लावलेले तुकडे चिकटवतात आणि मग सगळे एकत्र गोल करतात. लेथवर मध्य किंचित सरकला, तरी एक टोक इतरांहून लांब दिसू लागते, म्हणून चारही टोके एका उंचीवर येणे ही कारागिराची खरी परीक्षा असते. हे काम इतके कौशल्याचे आहे, की ब्रुकलिनचे विख्यात कारागीर जॉर्ज बालाबुश्का यांनीही आपल्या अनेक क्यूंसाठी बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांनी जोडलेले ठोकळे वापरले.

सीएनसीने हीच नक्षी उथळ खोबणीत जडवता येते. पण फिरते पाते गोल असल्याने आतला कोपराही गोलसर राहतो आणि भिंगाखाली तो लगेच ओळखू येतो. तो बारीक सुरीने हातानेच टोकदार करावा. माझ्या मते टोके सांध्याचीच, म्हणजे खाचेत तुकडे जोडून केलेलीच असावीत, आणि शिंपल्याचे चौकोनी तुकडे किंवा फुले यंत्राने जडवावीत.

खेळात खरा फरक पाडणारे नवे तंत्र शाफ्टच्या पुढच्या टोकाचे आहे. साइड देऊन, म्हणजे चेंडूला बाजूची फिरकी देऊन, मारताना पांढरा चेंडू नेमाच्या रेषेपासून ढळतो. हे टोक हलके केले, की ढळणे कमी होते. त्यासाठी लाकूड आतून पोखरतात किंवा कार्बन फायबरची नळी वापरतात, आणि दमट हवेत ही नळी लाकडासारखी वाकत नाही. पहिला क्यू घडवणाऱ्याने मात्र भरीव मेपलच घ्यावे, कारण टेपरची जाण त्यावर काम करूनच येते.

शेवटी शाफ्टच्या टोकावर फेरुल, म्हणजे टोक जपणारी छोटी कडक नळी, बसवून त्यावर चामड्याची टिप चिकटवावी, तिची कड धारदार पात्याने फेरुलशी सपाट करावी आणि पॉलिश चढवण्यापूर्वी शाफ्ट टेबलावर लोळवून पुन्हा एकदा तपासावा.