जुना ट्रॅक्टर उसाच्या डबल ट्रॉलीला जुंपण्याआधी

दसरा उलटला की वाळवा, पलूस, कराड भागातल्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टरची रांग लागते. कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत ट्रॅक्टर तयार हवा असतो, आणि मिस्त्रीला बहुतेक मालक एकच सांगतात: "इंजिनाचं बघा, ओढ कमी झालीय." दहा-पंधरा वर्षं चाललेला ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लावताना इथूनच चुकायला सुरुवात होते. ओढ कमी पडली तर ट्रॅक्टर चढावर थांबेल, खेपेला उशीर होईल. ब्रेक किंवा हूक कमी पडला तर माणसं मरतात. म्हणून आधी वजन आणि ब्रेक, मग हूक, मग टायर, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. पैसे मोजकेच असतील तर तेही याच क्रमाने खर्चा.

वजनाचा हिशेब कागदावर मांडा

समजा दोन ट्रॉल्या आणि त्यातला ऊस मिळून 20 टन आणि ट्रॅक्टर 2 टनांचा. सपाट डांबरी रस्त्यावर ही गाडी चालती ठेवायला साधारण 450 किलोची ओढ पुरते. रस्ता 20 फुटांना 1 फूट चढायला लागला की त्यात आणखी 1100 किलोंची भर पडते. 45 एचपीचा ट्रॅक्टर एवढं ओझं ताशी 6-7 किलोमीटरने चढवू शकेल, पण तोही चाकांनी रस्ता धरला तर. ट्रॅक्टर हलका असला की इंजिनात ताकद शिल्लक असूनही मागची चाकं जागेवर घसरतात.

आता तोच रस्ता उताराचा धरा. चाकांना होणारा विरोध वजा केला तरी साडेसहाशे किलोंच्या आसपासचा रेटा मागून सतत लागत राहतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि त्या चाकांवर ट्रॅक्टरचं साधारण सव्वा टन वजन असतं. कोरड्या रस्त्यावर ती चाकं 700-800 किलोंच्या वर फारसा विरोध करू शकत नाहीत. म्हणजे गाडीचा वेग वाढू न देण्यातच ब्रेकची जवळजवळ सगळी ताकद संपते, थांबवायला काही उरत नाही. रस्ता ओला असेल किंवा त्यावर उसाचा पाला आणि माती पडलेली असेल तर तेवढाही आधार राहत नाही.

हा हिशेब पाहून माझं मत असं झालं आहे: 40 एचपीच्या आतल्या जुन्या ट्रॅक्टरला एकच ट्रॉली. 45 ते 50 एचपीला दोन, पण कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावरच. पाटणच्या खोऱ्यातून कराडकडे किंवा शिराळ्याच्या चढउतारांवरून यायचं असेल तर ट्रॉलीला ब्रेक असल्याशिवाय दुसरी ट्रॉली जोडू नका, मग ट्रॅक्टर कितीही एचपीचा असो.

ब्रेक

आधी तुमच्या ट्रॅक्टरला कोरडे ब्रेक आहेत की ऑइल ब्रेक, ते बघा. ऑइल ब्रेक म्हणजे तेलात बुडून चालणारे. जुन्या मॉडेलांत बहुधा कोरडेच असतात. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे झिजलेलं ऑइल सील. गिअरबॉक्सचं तेल सीलमधून झिरपून लायनिंगवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर येतं आणि पेडल कितीही दाबलं तरी ब्रेक घसरतो. नुसतं लायनिंग बदलून भागत नाही. सील तेच राहिलं तर नवं लायनिंगही महिनाभरात तेलकट होतं. त्यामुळे हाउसिंग उघडलं की दोन्ही बाजूंची सीलं बदला, डिस्कवर खाचा पडल्या असतील तर त्याही बदला, आणि हे काम डोळ्यांसमोर करून घ्या. ऑइल ब्रेक असेल तर कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं तेल घाला. स्वस्तातल्या तेलाने ब्रेक कर्कश वाजतात आणि पकड कमी होते.

मग दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे लागतात का, ते तपासा. डाव्या आणि उजव्या चाकाची वेगळी असलेली दोन पेडलं पट्टीने जोडा, मोकळ्या मैदानात हळू वेगात ट्रॅक्टर नेऊन जोरात दाबा आणि खाली उतरून चाकांच्या घसरीच्या खुणा बघा. एका बाजूची खूण लांब आणि दुसरीकडची पुसट असेल तर रॉडची लांबी कमी-जास्त करून पुन्हा बघा. रानात वळायला सोपं जातं म्हणून कित्येक जण पेडलं सुटी ठेवतात आणि तशीच रस्त्यावर येतात. भरलेल्या ट्रॉलीपुढे एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागची ट्रॉली त्यावर चढते. रस्त्याला लागण्यापूर्वी पट्टी जोडलेली असलीच पाहिजे.

ट्रॉलीच्या ब्रेकवर होणारा खर्च मला कधीच फुकट वाटलेला नाही. कॉम्प्रेसर बसवून हवेचा ब्रेक घेता येतो, ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालणारा असतो, आणि ट्रॉलीने दांडीवर रेटा दिला की आपोआप लागणाराही असतो. दोनपैकी एकाच ट्रॉलीला परवडत असेल तर तो मागच्या ट्रॉलीला बसवा. मागून ओढ राहिली की सगळी गाडी ताणलेली राहते आणि मधे घडी पडत नाही.

हूक, पिन आणि साखळी

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या पक्क्या हुकाला किंवा ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीला) जोडा. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) कानाला, एक्सलला किंवा हायड्रोलिकच्या हातांना साखळी बांधून ओढणं जिवावर बेतणारं आहे. ओढ मागच्या एक्सलच्या वरून लागली की चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, आणि तो मागे उलटायला दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्यात माणसाला क्लच दाबायचं भान येत नाही. चिखलातून ट्रॉली काढताना हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण तिथे घाई असते आणि हाताशी जे येईल त्याला साखळी अडकवली जाते.

हूक ज्या बोल्टांनी बसवलेला आहे ते पान्याने आवळून बघा आणि वेल्डिंगच्या कडेने केसासारखी चीर दिसते का, ते घासून, पुसून पाहा. ट्रॉलीच्या दांडीची कडी आतून किती झिजलीय ते बोट फिरवून कळतं. मोठी खाच लागत असेल तर कडी बदला, त्यावर वेल्डिंगचा थर चढवून वेळ मारून नेऊ नका. पिन तयार मिळते तीच घ्या, खाली खटका लागणारी. सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट पिनेच्या जागी घालू नका. पिनेशिवाय दोन्ही जोडांवर सुरक्षा साखळी हवी: ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यात एक, दोन ट्रॉल्यांमध्ये एक. ती दांडीच्या खालून फुलीसारखी ओवा, म्हणजे पिन निसटलीच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळीवर पेलली जाते. वळणावर ताण बसणार नाही एवढी ढील ठेवा.

टायर आणि ट्रॅक्टरचं वजन

मागच्या चाकांना पकड हवी तर ट्रॅक्टर जड करावा लागतो. चाकांना लोखंडी वजनं लावता येतात किंवा ट्यूबमध्ये पाणी भरता येतं. पाणी भरताना व्हॉल्व्ह अगदी वर आणून तिथपर्यंतच भरा, म्हणजे ट्यूबचा साधारण तीनचतुर्थांश भाग भरतो आणि उरलेल्यात हवा राहते. 13.6-28 मापाच्या एका टायरमध्ये दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. मागे वजन वाढवलं की पुढे बंपरवरही वाढवा, नाहीतर चढावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. पुढची चाकं वळवणाऱ्या किंगपिन आणि टाय रॉडच्या टोकांचा खेळ याच वेळी काढून घ्या.

रानातली हवा रस्त्याला चालत नाही. डांबरी रस्त्यावर कमी हवेचा टायर तापतो आणि त्याच्या कडा फाटतात. किती हवा हवी ते टायर कंपनीच्या तक्त्यात वजनानुसार दिलेलं असतं. ट्रॉलीच्या टायरवर कमाल वजनही छापलेलं असतं, त्याला चाकांच्या संख्येने गुणून तुमच्या भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाशी ताडून बघा. वजनकाट्याची पावती हातात असतेच.

क्लच आणि इंजिन

क्लच पेडलला साधारण इंचभर मोकळा खेळ असावा. तो नसेल तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो आणि भरल्या ओझ्याखाली प्लेट जळते. चढावर उंच गिअरमध्ये चालताना ट्रॅक्टर जोर करत नाही असं वाटलं, इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट संपली आहे.

इंजिनात आधी थंडाई बघा. ऊसतोडीच्या फडातला पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसते. ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने झाडा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबावा. ट्रॅक्टर तापतो म्हणून थर्मोस्टॅट (थंडाईच्या पाण्याचं तापमान राखणारी झडप) काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मूळ कारण शोधा. ऑइल बाथ एअर क्लीनरचं (तेलात धूळ पकडणाऱ्या हवेच्या गाळणीचं) तेल हंगामात रोज बघा, वाटीत चिखल झाला असेल तर लगेच बदला.

डिझेल पंप वाढवून घेऊ नका. डिझेल जास्त सोडलं की धूर काळा होतो, दोन दिवस ओढ वाढल्यासारखी वाटते आणि मग हेड तापून पिस्टन-लायनरवर येतं. त्यापेक्षा नोझल आणि पंप कॅलिब्रेशन कंपनीच्या मापावर करून घ्या. तेल भरायचं झाकण इंजिन चालू असताना उघडून बघा. तिथून धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, आणि तो ट्रॅक्टर या हंगामात डबल ट्रॉलीला लावू नका.

ट्रॉली आणि उजेड

ट्रॉलीचे हब उघडून बेअरिंगला ग्रीस भरा, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळा, टर्नटेबलला (ट्रॉलीचा पुढचा एक्सल ज्यावर वळतो त्या चकतीला) ग्रीस द्या. रात्री उसाचे शेंडे मागे लोंबतात आणि टेललाइट झाकून टाकतात, म्हणून दिवा आणि लाल रिफ्लेक्टर भरलेल्या उसाच्या बाहेर, टांगता येतील असे ठेवा. रिफ्लेक्टर पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. दोन्ही ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना लावा. मोटरसायकलवाला अंधारात पुढची ट्रॉली पाहतो आणि मागची आहे हे त्याला कळत नाही. प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, विम्यात तिचा उल्लेख आहे का तेही हंगामाआधी पाहून घ्या.

पहिली खेप

फडातून एकेक ट्रॉली बाहेर काढा आणि जोडणी पक्क्या रस्त्यावर करा. दोन्हींत माल सारखा नसेल तर जड ट्रॉली पुढे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, ज्या गिअरने तो रस्ता चढला असतात त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय डिझेल वाचवायला म्हणून लागते. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर वेगात परत पडत नाही आणि मग फक्त सव्वा टन वजनाखालच्या मागच्या चाकांचा ब्रेक उरतो. वेगही आवरा, कारण ताशी 20 ऐवजी 30 ने चाललात तर थांबवायचा जोर सव्वादोन पट लागतो.

पहिल्या खेपेला दोन-तृतीयांशच भरा. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर बाजूला थांबून सगळ्या हबना हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचं बेअरिंग आवळलं गेलंय किंवा सुकलंय. पिनेचे खटके बघा, साखळ्यांची ढील बघा, आणि चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या. नवीन बसवलेले नट पहिल्या भरल्या खेपेत हमखास थोडे सैल पडतात.