लष्करी ट्रक पाण्याचा टँकर म्हणून पास कसा करून घ्यावा

आमच्या माणदेशात उन्हाळा तापला की वाड्यावस्त्यांवर टँकर न्यावा लागतो, आणि साधा टँकर ओढ्याच्या वाळूत बसतो. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं, लष्करातून निघालेला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेला ट्रक घेऊ. कल्पना चांगलीच आहे. अशा चार गाड्या मी पास करून आणल्या आहेत. पण "आधी गाडी घ्या, पासिंगचं एजंट बघेल" असं म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. लष्करी गाडी पास होणार की नाही, हे लिलावाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

आधी एवढं समजून घ्या. लष्कराची गाडी आरटीओच्या दप्तरात कधीच नसते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 60 खाली तिची नोंद संरक्षण खात्याकडेच होते. बाणाची खूण असलेला तो बीए नंबर, म्हणजे गाडीचा लष्करी नोंदणी क्रमांक, त्यातलाच. सरकारच्या मालकीतून गाडी सुटली की तिला कलम 39 आणि 40 लागू होतात, म्हणजे नव्या गाडीसारखी पहिली नोंदणी. "एनओसी आणू, ट्रान्सफर करू" म्हणणाऱ्याला विचारा, आरसीच नाही तर ट्रान्सफर कशाची?

लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात. बोली ज्याच्या नावानं, विक्रीचा दाखला त्याच्याच नावानं निघतो. म्हणून गाडी ग्रामपंचायतीची किंवा ट्रस्टची व्हायची असेल तर ठराव आधी करा आणि बोली त्याच नावानं लावा. भंगारवाल्यानं घेतलेली गाडी "कागद मागनं देतो" या बोलीवर घेऊ नका. दाखला त्याच्या नावाचा असला तर पहिली नोंदणीही त्याच्याच नावानं होणार, आणि तोवर तो फोन उचलायचा बंद झालेला असतो. लॉटच्या वर्णनात 'स्क्रॅप' शब्द दिसला की पुढचा लॉट बघा. पंधरा वर्षांच्या पुढची गाडी स्वस्त मिळाली तरी नको.

आता खरी अडचण. माझी पहिली गाडी हिच्यापायी अख्खा उन्हाळा अंगणात उभी होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम 47 प्रमाणे लष्करातून निघालेल्या गाडीला फॉर्म 21 मधला मूळ विक्री दाखला लागतो. मूळ म्हणजे मूळ. झेरॉक्स चालत नाही. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर पंच केलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आणि लष्करी गाडीत नेमकं इथंच घोडं अडतं. वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉल करताना इंजिन बदललेलं असू शकतं. सैन्याच्या दृष्टीनं गाडी तीच, बीए नंबर तोच. दाखला लिहिणारा जुन्या नोंदीतला इंजिन नंबर उतरवतो. माझ्या दाखल्यावर एक नंबर होता, इंजिनच्या ब्लॉकवर दुसराच. इन्स्पेक्टरनं पेन्सिल ठसा घेतला, कागदाशेजारी धरला आणि फाइल मिटून परत दिली. चूक त्याची नव्हती. चोरीचं इंजिनही असंच दिसतं.

म्हणून लिलावाआधीच्या पाहणीला वायर ब्रश, थिनर, पांढरा कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन जा. परवानगी मागा आणि दोन्ही नंबरांचे ठसे स्वतः घ्या. रंगाचे थर एवढे जाड असतात की 3 चा 8 वाचला जातो. काही झालं तरी ग्राइंडर लावू नका. एकदा पंचिंग घासलं गेलं की नंबरात खाडाखोड केल्याचा संशय येतो, आणि तो कागदानं फिटत नाही. पैसे भरून डिलिव्हरी घेताना फॉर्म 21 तिथंच उभं राहून ठशांशी ताडा. फरक निघाला तर गाडी गेटबाहेर काढण्याआधी लेखी अर्ज द्या: इंजिन बदलल्याचा दाखला आणि दुरुस्त फॉर्म 21 मिळावा. गाडी आत उभी असते तोवर तुमच्या अर्जाला वजन असतं. मी घरी आणून मग पत्रं लिहीत बसलो, उत्तर पावसाळ्यात आलं.

दुसरं पत्रही तेव्हाच मागा, एक्सलवरचं वजन आणि बाहेरची मापं यांचं. आरटीओला ते हवंच असतं आणि कंपनी लवकर देत नाही. कलम 60 च्या पोटकलम 5 मध्ये राज्य सरकारला ही माहिती मागता येते. अर्जात त्याचा उल्लेख करा.

टाकीचा हिशेब सोपा आहे, तरी लोक चुकतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लष्करातला स्टॅलियन 4x4 ट्रक कच्च्या वाटेवर 5 टन आणि पक्क्या रस्त्यावर साडेसात टन वाहण्यासाठी बनलेला आहे. त्यातून टाकीचं आणि स्टँडचं वजन वजा करा. वस्तीवर जायचं तर चार हजार लिटरच्या पुढं जाऊ नका. दहा हजारांची टाकी बसवणारा फॅब्रिकेटर तुमचा हितचिंतक नव्हे. टाकीत आडवे पडदे हवेतच, नाहीतर ब्रेक मारला की अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी गाडी पुढं ढकलतं. आणि डिझेल वाहणारा जुना टँकर (बाउझर) धुऊन त्यात पिण्याचं पाणी? मुळीच नाही.

बॉडी आधी बांधा, फॉर्म 22-ए (बॉडी बांधणाऱ्याचा दाखला) देणाऱ्याकडूनच, आणि पहिल्याच अर्जात 'टँकर' लिहा. आधी ट्रक म्हणून पास करून मग बदल करायचा तर कलम 52 ची मंजुरी वेगळी मागावी लागते, म्हणजे दुहेरी हेलपाटा.

बाकीचं सरळ आहे: फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज), विमा, पत्त्याचा पुरावा, रिकाम्या गाडीची काटा पावती, कर, फिटनेस. वाहन पोर्टलवर नोंदणीचा प्रकार एक्स-आर्मी निवडा. स्पीड गव्हर्नर आणि रिफ्लेक्टर टेप लष्करी गाडीला नसते, ती आधी लावून घ्या.

परमिटबद्दल एक भ्रम आहे, की पंचायतीच्या टँकरला ते लागत नाही. कलम 66 मधली स्थानिक संस्थांची सूट रस्ता झाडणं, रस्त्यावर पाणी मारणं आणि सफाईपुरती आहे. पिण्याचं पाणी त्यात येत नाही. परमिट काढा.

शेवटी रंग. नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाहेरून पांढरा मारून मी गाडी तपासणीला नेली, तर साहेबांनी केबिनचं दार उघडलं. आत सगळं हिरवंगार. दुसऱ्या दिवशी डबा आणि ब्रश घेऊन आरटीओच्या मैदानाबाहेरच बसलो.