घोडीच्या बुटाचं माप

दोंडाईच्यात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत फॉल-पिको. घोडी आमच्या ह्यांची. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली, अठ्ठावन्न इंच उंचीची, मारवाडी रक्ताची, नाव राणी. लग्नात नवरदेव बसवायला जाते. नाचत नाही, आम्ही नाचवत नाही. सुपारी द्यायला येणाऱ्याला हे आधीच सांगतो.

पूर्वी तिला नाल होती. उन्हाळ्यात इकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, खूर सुकून कडक होतो, आणि खिळ्यांच्या भोकांपासून तिचे खूर फुटायला लागले. नालबंद म्हणाला, आता खिळा धरायला जागाच राहिली नाही. नाल काढली. खुराची भिंत वरून खाली यायला वर्षभर लागतं, त्यामुळे भोकं उतरून नवा खूर येईस्तोवर थांबणं आलंच. शेतात काळ्या मातीत ती बिननालेची मजेत चालायची. डांबरी रस्त्याला, खडीला लागली की एकेक पाऊल मोजून टाकायची. म्हणून खुरांवर चढवायचे, काढता-घालता येणारे बूट घ्यायचं ठरलं. घरी बिनबुटाची, रस्त्याला बुटाची.

सासरे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "घोडीले बूट? आते टोपी बी घाल तिले!"

पहिला जोड चुकला, आणि तो माझ्यामुळे चुकला. वीस वर्षं बायकांना सांगत आले की जुना ब्लाउज आणून देऊ नका, समोर उभ्या राहा, माप अंगावर घेते. आणि घोडीच्या बाबतीत मी स्वतःच जुन्या ब्लाउजावर माप घेतलं. खूर नऊ आठवडे तासलेले नव्हते. कडा बाहेर पसरलेल्या. त्यावर टेप लावला, रुंदी १२१ मिमी आली. लांबी मोजली ती पार मागच्या मऊ गादीपर्यंत, १३८. दोन्हींतला मोठा आकडा धरला, वर म्हटलं सैल असलेला बरा, आणि ऑनलाइन मागवला. बूट परदेशी, माझ्या दोन महिन्यांच्या शिलाईचे पैसे. पहिल्याच मिरवणुकीत पुढचा डावा बूट गोल फिरून तोंड मागे झाला. दुसऱ्यात खडे शिरले आणि टाचेवर कातडं सोललं. विकणाऱ्याने परत घेतला नाही. वापरलेला माल कोण घेईल, हेही खरंच.

आता नीट सांगते.

माप खूर तासल्यावर घ्यायचं, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, आणि तो तिरका वाढत असल्यामुळे नुसता उंच होत नाही, खालून लांब-रुंदही होतो. अंगाबरोबर बसणारे बूट असतील तर तीन-चार मिलिमीटरांनीच बसणं-न बसणं ठरतं. तुमचा घोडा दर तीन महिन्यांनी तासला जात असेल तर बुटाचा विचार बाजूला ठेवा, आधी तासणाऱ्याची व्यवस्था लावा. आमचे हे नालबंदाकडून कानस धरायला शिकले. मोठी तासणी अजून नालबंदाचीच, पण दर दोन-तीन आठवड्यांनी कडा गोल करण्यापुरतं हे करतात. बूट चालतात ते त्यामुळे.

माझा गळ्यातला टेप इथे कुचकामी. कापडी टेप खुराच्या उंचसखलपणात वाकतो आणि आकडा खोटा सांगतो. स्टीलची पट्टी घ्या. मुलाच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची घेणार असाल तर शून्य कुठे आहे ते पाहा. बऱ्याच पट्ट्यांवर टोकापासून थोडी जागा सोडून शून्य छापलेलं असतं. टोक खुराच्या कडेला लावलं की तेवढे मिलिमीटर कमी भरतात. दुसऱ्या वेळी मी ही चूक करता करता वाचले.

पाय उचलून धरायला दुसरा माणूस हवा. तळवा ब्रशने साफ करा, माती राहू देऊ नका. रुंदी म्हणजे खुराच्या सगळ्यात रुंद जागी या कडेपासून त्या कडेपर्यंत. तळव्याच्या मधोमध जो त्रिकोणी रबरासारखा भाग असतो, त्याच्या टोकाच्या जरा मागे ही जागा सापडते. लांबी घेताना सगळे चुकतात. खुराच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून सुरू करायचं, आणि मागे जिथे टाचेची कठीण भिंत जमिनीला टेकते तिथे थांबायचं. त्याच्याही मागे मऊ, फुगीर गाद्या असतात, त्या धरायच्या नाहीत. मी काय करते, दोन्ही टाचांवर एक पट्टी आडवी ठेवते आणि दुसऱ्या पट्टीने पुढच्या कडेपासून त्या आडव्या पट्टीपर्यंत मोजते.

प्रत्येक पाय वेगळा मोजायचा. बाईचे दोन खांदेसुद्धा सारखे नसतात, चार खूर कुठून असणार? राणीचा पुढचा उजवा ११२ रुंद, ११८ लांब. डावा ११०, ११७. मागचे १०४ आणि ११७. पुढचे खूर गोलसर आणि मागचे निमुळते, हे बहुतेक घोड्यांचं असतं. म्हणून पुढचा जोड बसला तोच नंबर मागे बसेल असं धरू नका. आम्ही तर पुढचेच घेतले. घोड्याचं निम्म्याहून जास्त, साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, दुखतात ते आधी पुढचेच. मागच्यांना गरज वाटली तर नंतर बघू.

आकडे हाती आले की कंपनीचा तक्ता उघडा. इथे माणसं लांबी एका नंबरात आणि रुंदी दुसऱ्या नंबरात पाहून गोंधळतात आणि मधला नंबर घेतात. तसं करू नका. लांबी-रुंदीतला फरक हा नंबराचा प्रश्न नाही, तो आकाराचा आहे. काही बूट गोल खुरासाठी बेतलेले असतात, काही लांबट खुरासाठी. कॅव्हालो, ईझीबूट, स्कूट बूट ही नावं शोधताना समोर येतील. प्रत्येकाचा साचा निराळा आहे आणि एकाचा चार नंबर म्हणजे दुसऱ्याचा चार नंबर नाही. ब्लाउजाचं कसं, छाती छत्तीस असली तरी कुणाचा पाठीचा भाग रुंद आणि कुणाचा पुढचा. नुसता छत्तीसचा तयार ब्लाउज दोघींना बसत नाही.

ढोबळमानाने दोन जाती. एक खुरावर मोज्यासारखा चढणारा, पातळ, घट्ट. तो पकडीवर टिकतो, म्हणून माप काटेकोर लागतं आणि तासणी वेळेवर लागते. धावायला हलका. दुसरा पूर्ण बुटासारखा, वर गादीची कॉलर, वेल्क्रोचे पट्टे. त्यात जरा उन्नीस-बीस चालून जातं, पण तो जड असतो आणि टाचेच्या वर घासण्याची भीती जास्त. पायाने चालायच्या मिरवणुकीसाठी आम्ही दुसरा घेतला. रोज दहा-पंधरा किलोमीटर दौड असती तर पहिला घेतला असता. टाच फार उंच आणि खूर उभा असेल तर बुटाचा मागचा काठ कुठे येतो तेही पाहावं लागतं, नुसती लांबी-रुंदी पुरत नाही. खुराचे बाजूने आणि तळाचे फोटो मापासोबत विकणाऱ्याला पाठवा. काही ठिकाणी बसतो का बघायला बुटाचं नुसतं बाहेरचं कवच पाठवतात. मिळालं तर जरूर घ्या.

बूट घरी आला की घाईने रस्त्यावर नेऊ नका. परत करायचा झाला तर तळवा स्वच्छ राहिला पाहिजे. गोणपाट अंथरून त्यावर घालून बघा. फार सहज आत गेला तर मोठा आहे. घट्ट प्रकारचा बूट चढवताना थोडी खटपट व्हायलाच हवी. ईझीबूट ग्लव्हसारख्या बुटाला पुढे इंग्रजी व्हीसारखी फट असते. खूर आत बसल्यावर ती किंचित फाकली तर माप बरोबर, मिटलेलीच राहिली तर बूट सैल. खुराचं पुढचं टोक बुटाच्या पुढच्या भिंतीला लागलं पाहिजे. तिथे बोटभर पोकळी राहिली की पाऊल उचलताना घोडा अडखळतो. हे आम्ही पहिल्या जोडात पाहिलं, राणी दर चार पावलांनी ठेचकाळायची आणि आम्हाला वाटलं तिला सवय नाही. मग पाय उचलून दोन्ही हातांनी बूट पिळून बघा, किल्ली फिरवल्यासारखा. खूर जागेवर आणि बूट फिरतोय, तर नको. वरचा पट्टा आवळल्यावर त्याच्याखाली एक बोट जायला हवं. दोन गेली तर सैल, एकही जात नसेल तर रक्त अडवाल.

माझी युक्ती शिंप्याच्या खडूची. बूट घातल्यावर खुराच्या पुढच्या मध्यावर एक उभी रेघ, आणि तीच रेघ सरळ खाली बुटावर ओढते. राणीला अंगणात दोन्ही बाजूंनी गोल फिरवते, थोडं दुडकं पळवते, मग रेघा बघते. दोन रेघा एका ओळीत असतील तर बूट जागेवर आहे. सरकल्या असतील तर किती आणि कुठल्या बाजूला हे दिसतं. कुठे घासतंय ते बघायलाही खडूच. कॉलरच्या आतून रंगीत खडू फिरवायचा, वीस पावलं चालवायचं, काढून बघायचं. जिथे केसांवर रंग गडद उतरला तिथे दाब जास्त.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, हातात दोर धरून, कुणीही वर न बसता. काढल्यावर टाच आणि तिच्यावरचा खळगा हाताने चाचपा. कातडं सोलण्याआधी केस उलटे होतात, मोडतात, तीच पहिली खूण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेळ वाढवा, चढ-उतार घ्या. आठवडाभरात काही उमटलं नाही तर मग मिरवणूक. थोडं घासत असेल तर लहान मुलाचा सुती मोजा टाच कापून वर चढवला की काम भागतं. पण मोठा बूट मोजे कोंबून बसवू नका. सैल ब्लाउजाला आतून टिप मारता येते, सैल बुटाला नाही.

एक गोष्ट मध्येच सांगते. घोडा बुटाशिवाय सपाट मऊ मातीवरही लंगडत असेल, खूर हाताला गरम लागत असेल, तर बूट शोधू नका, डॉक्टर बोलवा. दुखणं झाकायला बूट घातला तर आपल्यालाच कळत नाही ते किती वाढलंय.

आमच्याकडच्या मातीचं वेगळं आहे. पावसाळ्यात काळ्या रानात बूट घालून नेलं तर चिखल बूट ओढून ठेवतो. राहिलाच तर पायाला किलोभर गोळा. तिथे बिनबुटाचीच न्यावी, डांबर आलं की घालावा. उन्हाळ्यात बुटाच्या आत घाम साचतो, म्हणून काम संपलं की तिथल्या तिथे काढायचे. रात्रभर पायात ठेवायचे नाहीत. आत कोंडलं की तळव्याच्या त्या त्रिकोणी भागाच्या खाचा कुजतात आणि असा वास येतो की एकदा घेतला तर विसरत नाही. बूट आतून धुऊन सावलीत वाळवा, उन्हात रबर कडक होतं. आणि वेल्क्रो! कापसाची बोंडं वेचली की रानात जे तंतू उडतात ते सगळे, वर गोखरू, कुसळं, सगळं वेल्क्रोत जाऊन बसतं आणि पट्टा धरेनासा होतो. मी जुन्या टूथब्रशने आणि दाभणाने साफ करते. पट्ट्याची शिवण उसवली तर चामडं शिवायचा जाड दोरा वापरा, साधा धागा एका मिरवणुकीत तुटतो.

दर तासणीनंतर मी पुन्हा मोजते आणि आकडे पागेच्या दारावर आतून खडूने लिहिते. सहा आठवड्यांत एकदा रुंदी ११५ झाली होती, तेव्हाच कळलं की तासणी लांबली आहे, बूट घट्ट होणार.

तो पहिला मोठा जोड अजून कपाटात आहे, धुऊन ठेवलेला. माझ्या अंदाजाने १२६ ते १३१ मिमी रुंद, गोल खुराला बसेल. कुणाला हवा असेल तर दोंडाईच्याला घोडा घेऊन या. फोनवर आकडा सांगितलात तर देणार नाही.