घरात नाताळची प्रथा रुजवायची असेल तर

हौसेने सुरू केलेली प्रथा अनेक घरांत दुसऱ्याच वर्षी बंद पडते. पहिल्या वर्षी भारंभार मांडलं जातं, आणि ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं. म्हणून निवडतानाच एक कसोटी लावा: घरातलं सगळ्यात दमलेलं माणूस, महिन्यातल्या सगळ्यात धावपळीच्या दिवशी, ही गोष्ट दहा मिनिटांत उरकू शकेल का? नसेल, तर ती छोटी करा किंवा सोडून द्या. पहिल्या वर्षी एक रोजची किंवा आठवड्याची गोष्ट आणि एक 24 डिसेंबरच्या रात्रीची गोष्ट, एवढं पुरे. बाकीचं पुढच्या वर्षी.

आधी तारखा बघा

चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळची तयारी आगमनकाळापासून सुरू होते. 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यामुळे पहिला रविवार कायम 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दिवसांत पडतो: 2026 मध्ये 29 नोव्हेंबर, 2027 मध्ये 28 नोव्हेंबर, 2028 मध्ये 3 डिसेंबर. म्हणजे हा काळ कधी 22 दिवसांचा, तर कधी 28 दिवसांचा असतो. 2028 मध्ये तर चौथा रविवार हाच 24 डिसेंबर आहे. चौथी मेणबत्ती आणि बाळ येशूची मांडणी एकाच संध्याकाळी येईल, हे आधीच लक्षात ठेवा.

नाताळ 25 तारखेला संपत नाही, हेही अनेकांच्या ध्यानात नसतं. 25 डिसेंबर ते 5 जानेवारी हे बारा दिवस नाताळचेच, आणि 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण. घरात कुणाची रात्रपाळी असेल, मुलं दोन घरांत वाटली गेली असतील किंवा कुणी परगावाहून उशिरा पोचणार असेल, तर या बारा दिवसांतली कुठलीही एक संध्याकाळ ‘आपली’ म्हणून ठरवा. सगळे हजर असण्याला महत्त्व द्या, तारखेला नाही.

चार मेणबत्त्यांचं कडं

सुरुवातीला एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा. हाताशी येणारी, दिसणारी आणि आपोआप पुढे सरकणारी आहे. 1839 मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विचर्न यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी पहिलं कडं केलं, ते गाडीच्या चाकावर. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या वारांसाठी लहान लाल. नाताळला किती दिवस उरले हे मुलांना नुसतं बघून कळावं, हा हेतू. घराला मात्र चारच मेणबत्त्यांचं रूप झेपतं.

लागणारं सामान: 30 ते 35 सेंटिमीटर व्यासाचं तारेचं कडं, चार मेणबत्त्या, त्यांना घट्ट बसतील असे धातूचे स्टँड, बारीक तार, खाली ठेवायला धातूचं किंवा काचेचं मोठं ताट आणि सदाहरित झाडाच्या 10-12 सेंटिमीटरच्या डहाळ्या. तीन-चार डहाळ्यांची जुडी करून तारेने बांधा. पुढची जुडी आधीच्या जुडीच्या देठावर येईल अशी, सगळ्या एकाच दिशेने लावत जा. दिशा बदलली की देठ दिसतात आणि कडं विस्कटलेलं दिसतं.

परंपरेने तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. काही घरांत चारही लाल किंवा पांढऱ्या असतात, आणि मधोमध पाचवी पांढरी मेणबत्ती नाताळसाठी राखतात. रंग मिळाले नाहीत म्हणून अडून बसू नका. पांढऱ्या मेणबत्त्यांच्या बुंध्याशी रंगीत फीत बांधली तरी चालतं. मात्र फीत ज्योतीपासून दूर, पार खालीच हवी, आणि मेणबत्ती तिथवर जळायच्या आत सोडून घ्यायला हवी.

जेवणाच्या वेळी रोज पंधरा मिनिटं लावायची असेल, तर पहिली मेणबत्ती सगळ्यात लांब काळात एकूण सात तास जळेल. साधी सडपातळ मेणबत्ती तासाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास जळते, म्हणजे साधारण 18 सेंटिमीटर संपणार. म्हणून 25 सेंटिमीटरच्या घ्या. 15 सेंटिमीटरच्या घेतल्या, तर पहिली मेणबत्ती चौथ्या आठवड्यात हिरवळीत जाऊन टेकते, आणि नेमकी तेव्हाच हिरवळ सर्वांत वाळलेली असते. घरातल्या आगीचा खरा धोका इथे आहे. दुसऱ्या रविवारनंतर डहाळ्या बोटांनी मोडून बघा. कट्‌कन मोडल्या तर नव्या बांधा. ज्योत आणि पाल्यात निदान पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, दोन मेणबत्त्यांत दहा सेंटिमीटर. जवळ ठेवल्या तर एकीच्या उष्णतेने दुसरी मऊ होऊन वाकते आणि मेण एकाच बाजूने ओघळतं. पंख्याखाली लावू नका. खोलीतून शेवटचं माणूस निघालं की ज्योत विझलीच पाहिजे. लहान मूल किंवा मांजर असेल, तर बॅटरीवरच्या मेणबत्त्या वापरायला कमीपणा मानू नका.

मेणबत्ती लावताना काय करायचं? एक छोटी प्रार्थना किंवा दोन-चार वचनं, एक कडवं, बस. पहिल्या आठवड्यात सगळ्यात धाकट्याने लावायची, मग वयाच्या क्रमाने. पेटवणारा आणि विझवणारा वेगळा ठेवा. मुलांना विझवण्याचं काम जास्त आवडतं, आणि भांडणं तिथेच होतात.

गोठा: दरवर्षी थोडा वाढणारा

संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात खऱ्या गवताची गव्हाण मांडून, बैल आणि गाढव आणून नाताळची रात्र साजरी केली. घरगुती गोठ्याची परंपरा त्या रात्रीकडे बोट दाखवते. घरी हा गोठा एकदम पूर्ण विकत आणण्यापेक्षा वाढवत नेणं जास्त चांगलं. पहिल्या वर्षी मरिया, योसेफ आणि बाळ. दुसऱ्या वर्षी एक मेंढपाळ आणि दोन मेंढ्या. मग बैल, गाढव, देवदूत आणि मागी, म्हणजे बाळाला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी. दर वर्षीच्या मूर्तीच्या तळाशी साल आणि ती आणणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव लिहा.

यात घोळ होतो तो मापांचा. वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या मूर्ती शेजारी ठेवल्या की मेंढी योसेफाच्या कमरेला लागते. म्हणून पहिल्याच वर्षी उभ्या माणसाची उंची ठरवून कागदावर लिहून ठेवा. 12 सेंटिमीटर सोयीची: त्या मापाने मेंढी खांद्यापाशी पाच, उंट पाठीवरच्या मदारीसकट पंधरा-सोळा, गोठ्याचं दार अठरा आणि छत चोवीस सेंटिमीटर. खोका निदान 40 सेंटिमीटर रुंद आणि 25 खोल घ्या. त्याहून लहान खोक्यात पाचवी मूर्ती आली की गर्दी होते.

मूर्ती घरी करायच्या असतील, तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घालत आठ-दहा मिनिटं मळा. गोळा हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, कडेला भेगा पडत असतील तर कमी. आठ सेंटिमीटरपेक्षा उंच मूर्ती स्वतःच्या वजनाने बसते, म्हणून आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा शंकू करून त्यावर पीठ थापा. जाडी एक सेंटिमीटरहून कमी. ओव्हनमध्ये 100 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास. घाईने तापमान वाढवलं की फुगे येतात आणि भेगा पडतात. पूर्ण गार झाल्यावर रंगवा आणि वार्निशचे दोन हात द्या, तळालासुद्धा. तळ राहिला तर मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पुढच्या वर्षी खोका उघडल्यावर पाय मऊ पडलेले मिळतात. उंदरांनाही हे पीठ आवडतं, तेव्हा झाकण घट्ट असलेला डबाच हवा.

उजेडासाठी पिवळसर एलईडीची माळ छताच्या मागे लपवा. गवत आणि पुठ्ठ्याच्या आत खरी ज्योत नको, पणतीसुद्धा नको.

गोठा आगमनकाळात मांडायचा, पण गव्हाण रिकामी. बाळाची मूर्ती वेगळ्या डबीत. 24 च्या रात्री ती ठेवली जाते, आणि ती डबी कुठे ठेवलीय हे दोन मोठ्यांना ठाऊक असावं. ऐन वेळी शोधाशोध होते ती याच मूर्तीची. मागी मात्र घराच्या लांबच्या टोकाला, एखाद्या फडताळावर ठेवा. रोज कुणीतरी त्यांना थोडं पुढे सरकवायचं; 6 जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. सणानंतरच्या दिवसांना यामुळे कारण मिळतं, आणि खर्च शून्य.

गव्हाण भरण्याची एक जुनी रीतही सोबत जोडता येते: चांगलं काम केलं की एक गवताची काडी ठेवायची. ती थोडी बदलून घ्या. स्वतःच्या चांगल्या कामाची काडी ठेवायला लावली, की आठवड्याभरात मुलं हिशेब करू लागतात आणि काड्यांवरून स्पर्धा लागते. त्याऐवजी दुसऱ्या कुणी आपल्यासाठी काही केलं, तर त्याच्या नावाने काडी ठेवायची, बोलून न दाखवता. आठ सेंटिमीटरच्या साठ-सत्तर काड्या वाटीत कापून ठेवा.

वाचन

24 च्या रात्रीसाठी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, ओवी 1 ते 20. मोठ्याने वाचायला चारेक मिनिटं लागतात. तिघांत वाटा: 1 ते 7 प्रवास आणि जन्म, 8 ते 14 मेंढपाळ आणि देवदूत, 15 ते 20 गोठ्याकडे जाणं. सातवी ओवी वाचून झाली की बाळ ठेवायचं. वाचणाऱ्याला आपला भाग दोन दिवस आधी द्या. दुसऱ्या ओवीत क्विरीनियस या सुभेदाराचं नाव पहिल्यांदा समोर आलं, की भलेभले अडखळतात. 6 जानेवारीला मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, ओवी 1 ते 12. मुलं नक्की विचारतील, म्हणून सांगून ठेवतो: मागी तीन होते असं मत्तय म्हणत नाही, भेटी तीन होत्या, आणि ते गोठ्यात नव्हे, घरात आले असं लिहिलं आहे.

लूकचे अध्याय चोवीस आहेत, म्हणून 1 डिसेंबरपासून रोज एक वाचायची पद्धतही चालते. मोठ्यांसाठी छान. लहानांना झेपत नाही. पहिलाच अध्याय 80 ओव्यांचा आहे. शिवाय शेवटच्या तीन दिवसांत दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान येतं, त्यामुळे 24 च्या रात्री दुसरा अध्याय पुन्हा काढावाच लागतो.

चोवीस पाकिटं

दोरीवर 1 ते 24 आकड्यांची पाकिटं, प्रत्येकात एक चिठ्ठी. ही कल्पना गोड वाटते, आणि साधारण नवव्या-दहाव्या दिवशी दम तोडते, कारण ‘सगळ्यांसाठी शुभेच्छापत्रं बनवा’ ही चिठ्ठी परीक्षेच्या आदल्या दिवशी निघते. म्हणून चिठ्ठ्या आधी तीन ढिगांत लिहा: बारा पाच मिनिटांच्या (एक गाणं म्हणणं, आजीला फोन, दिवे मालवून बसणं), आठ अर्ध्या तासाच्या (दोन पत्रं लिहिणं, एक खेळणं देण्यासाठी निवडून धुऊन ठेवणं) आणि चार मोठ्या. मग घरातली दिनदर्शिका समोर ठेवून त्या पाकिटांत घाला. मोठ्या चार फक्त सुट्टीच्या दिवशी. आदल्या रात्री एकाने उद्याची चिठ्ठी बघायची आणि दिवस जड असेल तर गुपचूप बदलायची. रोज वस्तू ठेवण्याच्या फंदात पडू नका. दुसऱ्या वर्षी मुलं वस्तूच मोजतात.

भेटी

प्रत्येकाने प्रत्येकाला भेट दिली, तर सहा जणांच्या घरात तीस भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकच नाव काढा, म्हणजे सहाच. चिठ्ठ्या उचलताना स्वतःचंच नाव येण्याची कटकट टाळायची असेल, तर नावांच्या चिठ्ठ्या पालथ्या पिसून गोलात मांडा. प्रत्येकाने आपल्या पुढच्याला भेट द्यायची. गुपित राखायचं असेल, तर हे काम घराबाहेरच्या माणसाकडे द्या. नावं नोव्हेंबरच्या शेवटी काढा, खर्चाची कमाल मर्यादा त्याच वेळी ठरवा. घराबाहेर द्यायची वस्तू किंवा पैसे असतील, तर मुलांसमोर ठरवा आणि मुलांच्या हातून द्या. ज्या संस्थेला द्यायचं तिला काय हवंय हे आधी विचारा. नको असलेले कपडे म्हणजे दान नव्हे.

वही आणि आवराआवर

गोठ्याच्या डब्यातच एक वही ठेवा. वर्षाला एक पान: कोण आलं, कुणी काय वाचलं, काय जमलं नाही, पुढच्या वर्षी काय वगळायचं. घरातलं कुणी त्या वर्षी गेलं असेल, तर त्यांचं नाव त्याच पानावर लिहा आणि मेणबत्ती लावताना ते घ्या. उगाच उत्साह दाखवण्याची गरज नसते.

मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की काडी ठेवायला कंटाळतं. तेव्हा प्रथा बंद करू नका, त्याचं काम बदला: दिव्यांची जोडणी, वाचन वाटून देणं, धाकट्यांच्या चिठ्ठ्या लिहिणं. आणि दोन वर्षं सलग कुणालाच आठवण न झालेली गोष्ट वहीत खोडून टाका.

7 जानेवारीला आवरा. मूर्ती एकेक करून जुन्या सुती कापडात, ओल शोषणाऱ्या दोन पुड्या डब्यात, दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून, वाळकी हिरवळ त्याच दिवशी घराबाहेर. सगळ्यात वर वही आणि ज्यावर उंचीचं माप लिहिलंय तो कागद.