मराठवाड्यात आरोग्यावर संशोधन करायचं असेल तर आधी हंगाम समजून घ्या

एमपीएच, एमएसडब्ल्यू किंवा पीएचडीसाठी विषय शोधणारी मुलं-मुली भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत 'मराठवाड्यातील महिलांच्या आरोग्यसमस्यांचा अभ्यास' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. एकाच गावातल्या, साधारण एकाच वयाच्या दोन बाया घ्या. एक दरवर्षी हंगामात गाव सोडून ऊसतोडीला जाते, दुसरी गावातच मजुरी करते. पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढण्याचं, ऑपरेशन होण्याची शक्यता दोघींची सारखीच आहे का? नसेल, तर फरक कशामुळे पडतो? असा प्रश्न हातात असला की कुणाला भेटायचं, काय विचारायचं, किती जणी लागतील, हे सगळं त्यातूनच ठरत जातं. माझं पीएचडीचं काम याच प्रश्नावर झालं, म्हणून इथली उदाहरणंही त्यातलीच आहेत.

बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. हा आकडा धक्कादायक आहेच, पण त्यातून कारण कळत नाही. कारण शोधायचं तर व्यवहार समजून घ्यावा लागतो. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा माणूस, नवरा-बायकोच्या जोडीला (एका 'कोयत्याला') हंगामाआधी उचल म्हणून आगाऊ पैसे देतो. ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि त्याचे पैसे उचलीत चढतात. कोपीजवळ, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीजवळ, ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीतही मोळ्या उचलायच्या. लग्न कमी वयात, पाठोपाठ बाळंतपणं, विशीतच नसबंदी. मग अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढून टाकणं हाच कायमचा उपाय वाटायला लागतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: प्रश्नावलीत शिक्षण, उत्पन्न, जात, लग्नाचं वय एवढेच रकाने ठेवू नका. या रकान्यांमुळे जोखीम त्या बाईच्या अंगालाच चिकटलेली दिसते. उचल किती होती, खाडा कुणी लावला, ऑपरेशनचे पैसे कुठून आले, सल्ला कुणी दिला, हेही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या सामाजिक कारणांवर जो अहवाल दिला, त्याचा गाभा हाच आहे. माणसं कुठल्या परिस्थितीत जन्मतात, राबतात आणि म्हातारी होतात, त्यावर त्यांचं आरोग्य ठरतं. तो वाचाच, पण वाचून झाल्यावर एखाद्या मुकादमाशीही बोला.

आता आकडेवारीकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हेच प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास आणि परभणीत ४८. जिल्ह्यांची माहितीपत्रकं सहज मिळतात. मूळ डेटाही नोंदणी करून, विषय थोडक्यात कळवून फुकट मिळतो. आकडेवारीसाठीचं 'आर' (R) हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्या, महागडं लागत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. या फेरीचं महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. दसरा-दिवाळीनंतर अर्धा तांडा कारखान्यावर गेलेला असतो. कुलूप लागलेल्या घरातली बाई कुठल्याच टक्केवारीत येत नाही. मराठवाड्याच्या आकड्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही मर्यादा स्वतःहून नोंदवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या फील्डवर्कलाही हेच लागू आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर व्हायला आणि एथिक्स कमिटीची परवानगी यायला काही महिने जातात, आणि तोवर गाव रिकामं झालेलं असतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, माणसं परततात. एप्रिल-मे हा बोलण्याचा काळ. जूनमध्ये पेरणीची धांदल सुरू होते. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत पुन्हा थोडी उसंत मिळते. अर्ज करताना कॅलेंडर उलट्या बाजूने मोजा.

वय आणि वर्षं विचारताना थेट उत्तर धरून चालू नका. लग्नाचं वय विचारलं की 'अठरा' हे उत्तर पटकन येतं, कारण कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. मोठं लेकरू कितवीत आहे ते विचारा. किल्लारीचा भूकंप (१९९३), लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष (२०१६), अशा खुणांची यादी सोबत ठेवा. त्यावरून वर्षं बरीच नेमकी लागतात. आशाताईंशिवाय गावात पाऊल टाकता येत नाही, पण मुलाखतीला त्या शेजारी नकोत. सासूही नको. खाजगी दुखणं ओळखीच्या माणसापुढे कुणी सांगत नाही, आणि आशाताईंना तर त्याच गावात राहायचं असतं.

नैतिकतेचा भाग फॉर्म भरण्यापुरता समजू नका. अठराच्या आतली मुलगी गरोदर असल्याचं मुलाखतीत कळलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना माहिती देण्याची जबाबदारी येते. अशा वेळी तुम्ही काय करणार, ते संमतिपत्रात कसं सांगणार, हे कमिटीपुढे आधीच ठरवून घ्या. हिमोग्लोबिन तपासणार असाल तर ते ७ ग्रॅमच्या खाली (म्हणजे तीव्र रक्तक्षय) निघालेल्या गरोदर बाईला त्याच दिवशी कुठे पाठवायचं, याची प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलणी आधी व्हायला हवी. आणि गावाचं नाव लपवून भागत नाही. पन्नास घरांच्या तांड्यात 'वय २६, तीन मुली, पिशवी काढलेली' एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. तपशील बदला, नाहीतर गाळा.

शिकण्याच्या जागा जवळच आहेत. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. त्याच तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य', म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून तयार केलं. बीडच्या सीमेलगत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. प्रश्नावली छापायच्या आधी अशा एका ठिकाणी काही दिवस राहा आणि ती गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला मोठ्याने वाचून दाखवा. कुठला प्रश्न बाईला दुखावेल आणि कुठल्याचं उत्तर खोटं येईल, हे ती लगेच सांगते.